फॉल्ट मधी असता

नेट गेल्यावर डबीचं बटण बंद करून, मनातल्या मनात दहा आकडे मोजून, पुन्हा चालू करणाऱ्या माणसाला नाना क्षमा करत नाहीत.

"पुरावो पुसलंस," ते म्हणतात. आवाजात राग कमी, शोक जास्त. "आता बघूक काय रवला?"

समोरच्याला या शोकाचं कारण कळत नाही. त्याचं नेट तर आलेलं असतं. बटण दाबलं, दिवे लुकलुकले, शुभ सकाळचे तुंबलेले फोटो धबाधब उतरायला लागले. मग हा म्हातारा सुतकी चेहरा करून पडवीत का बसलाय? नानांचं म्हणणं असं, की नेट का गेलं हे कळायच्या आधीच ते आलं, म्हणजे ते पुन्हा जाणार. आणि ते जातंच. तेव्हा मात्र नाना खुशीत असतात.

हा माणूस हल्ली सगळीकडे सापडतो. पुण्याच्या सोसायटीत तो निवृत्त इंजिनिअर असतो आणि लिफ्टमध्ये गाठून तुमचं वाय-फाय कुठल्या चॅनलवर आहे ते विचारतो. डोंबिवलीत तो तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा असतो आणि त्याच्यावर मजल्यावरच्या सगळ्या काकूंचा लोभ असतो. आमच्याकडे, म्हणजे कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, तो टेलिफोन खात्यातला जुना लाइनमन आहे. खरं तर नाना नोकरीत असतानाच २००० साली खात्याचं भारत संचार निगम झालं, हुद्द्यांची नावं बदलली, साहेबांच्या दारावरच्या पाट्या बदलल्या. नाना मात्र शेवटपर्यंत "खात्यात"च होते. निगमाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी देशभरातले ७८ हजारांवर लोक घरी बसले. त्यात नाना. आता हा माणूस दिवसभर आपल्या स्वयंपाकघरात येऊन मिक्सरची वायर तपासणार, या धास्तीने त्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, झोप उडाली होती.

पण काकींचं पुण्य मोठं. दोन महिन्यांच्या आत लॉकडाउन लागला आणि मुंबई-पुण्याची पोरं लॅपटॉप काखोटीला मारून वाडीत उतरली. वाडीत फायबर नव्हती. जुन्या तांब्याच्या तारांवर वेली चढल्या होत्या. तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात सिमकार्डवर चालणारा मोडेम आला, आणि त्याच्या मागोमाग ज्याच्या त्याच्या घरातून हाक आली, "नानानू, जरा येवा हो!"

तेव्हापासून काकी निवांत आहेत.

आमच्याकडच्या घरांचा एक प्रश्न आहे. भिंती चिऱ्याच्या, दीड दीड फूट जाड. जांभ्याचा हा दगड उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, पावसात ओल धरतो आणि बाराही महिने रेंज अडवतो. म्हणून मोडेम बसवायचा माळ्यावर, टॉवरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या झरोक्यात. तिथे रेंज मिळते, पण तिथे वटवाघळं सोडून कोणी राहत नाही. मग खाली माजघरात दुसरी डबी, राउटर. मोडेमने हवेतून नेट धरायचं, राउटरने ते घरभर वाटायचं, आणि दोघांच्या मध्ये वाशांवरून, सुपारीच्या पोत्यांमागून, देवघराच्या डोक्यावरून आलेली एक निळी केबल. नेट गेलं की पोरं मोडेमला शिव्या घालतात, म्हातारे राउटरला. नाना या दोघांकडे आधी बघतच नाहीत.

"फॉल्ट टोकाक नसता," ते केबलीवरून बोट फिरवत सांगतात. "मधी असता."

हे शहाणपण त्यांनी खांबावर चढून मिळवलेलं आहे. टेलिफोन बंद पडला की एक्स्चेंजपासून घरापर्यंत सगळी तार तपासत चालणं शक्य नसे. कुडाळात एक्स्चेंज आणि रानात घर. तेव्हा मधल्या पिलरच्या पेटीपाशी तारांची जोडी सोडवायची. एक्स्चेंजच्या बाजूला आवाज येतोय? मग अर्धी लाइन निर्दोष सुटली. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर डीपी, म्हणजे घरोघर तारा वाटणारी पेटी, तिथे पुन्हा तेच. चार खेपांत फॉल्ट पकडायचा आणि पाचव्या खेपेला चहा. नाना आजही तसंच करतात, फक्त आता त्यांच्या हातात टेस्ट-फोनऐवजी कुणा नातवाचा लॅपटॉप असतो आणि ते "पिंग" मारतात. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला घातलेली साद. ते जागं असेल तर ओ देतं आणि ओ यायला किती वेळ लागला तेही कळतं. हा छोटासा प्रोग्राम १९८३ साली माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिला. नानांना हे कळल्यापासून ते मूसचा उल्लेख "आमच्यातलो" असा करतात. आधी राउटरला साद. ओ आली? मग माळ्यावरच्या मोडेमला. तिथूनही आली? मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. आकड्याने ओ येते पण नाव टाकून साइट उघडत नाही, तर नावांची डिरेक्टरी झोपली आहे. मोडेम निर्दोष, टॉवर निर्दोष, शिव्या परत घ्या. नाना त्या खरोखर परत घ्यायला लावतात.

त्यांची पिशवी पाहण्यासारखी असते. क्रोनचं टूल, नोज प्लायर, जॅक दाबायचं क्रिम्पिंग, मल्टिमीटर, जुना टूथब्रश, स्पिरिटची बाटली आणि एक दोनशे पानी वही. टूथब्रश पाहून नवखा माणूस हसतो. मग नाना केबलीचा जॅक काढून उजेडात धरतात. आतल्या सोनेरी पट्ट्यांवर आमच्या चार महिन्यांच्या पावसाने हिरवा थर चढवलेला असतो, आणि राउटरच्या ज्या भोकात तो जातो तिथे मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटलेला असतो. जॅकचा प्लास्टिकचा कान तर शंभरात नव्वद घरांत तुटलेला. असा कान नसलेला जॅक बसल्यासारखा दिसतो, दिवाही लागतो; मग वर मांजर उडी मारतं आणि पुण्यातल्या कंपनीत वाडीतला एक माणूस अर्ध्या वाक्यावर नाहीसा होतो.

उंदरांचं प्रकरण याहून खोल. एका घरात उंदराने केबल कुरतडली होती, आणि घरवाल्याने नवी मागवायला सांगितलेली होती. नानांनी वेष्टण सोललं, आतल्या आठ तारा पिंजून टेबलावर मांडल्या. नारिंगी जोडी तुटलेली. "ही डबी शंभराची आसा," म्हणजे शंभर एमबीपीएसची. तेवढ्या वेगाला आठांतल्या चारच तारा लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी नुसत्या सोबतीला असतात. "इतकी वर्षां बसान पगार खाल्ल्यानी," असं म्हणत नानांनी दोन्ही टोकांना नारिंगीच्या जागी निळी जोडी बसवली आणि नेट सुरू. ती केबल आजही चालते. घरवाल्याने मागवलेली नवी केबल आली, तिच्यावर सध्या कपडे वाळत घालतात.

नानांना वाडीत प्रतिस्पर्धी एकच, निवृत्त गणित शिक्षक. त्यांचा वाद किराणा दुकानाच्या बाकड्यावर झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. मोडेमच्या पानावर रेंजचा खरा आकडा दिसतो, त्याला आरएसआरपी म्हणतात, आणि तो कायम उणे असतो. मोबाइलवरच्या काड्या म्हणजे कंपनीने काढलेलं समाधानाचं चित्र, नाना त्यावर विश्वास ठेवत नाहीत. उणे ८०, ८५ असलं तर रेंज झकास; उणे ११० म्हणजे जेमतेम; उणे १२० झालं की पत्र टाकलेलं बरं. नानांनी हे दुकानात सांगितलं तेव्हा दुकानदार गडबडला. त्याने एकशे दहा म्हणजे ऐंशीपेक्षा जास्त, असं धरून मोडेम घरभर फिरवला होता. चांगला रविवार खर्चून त्याने घरातली सगळ्यांत वाईट जागा शोधून काढली होती, तिथे खिळा मारला होता आणि मोडेमला हारही घातला होता.

"उणे ऐंशी ही संख्या उणे एकशे दहाहून मोठी," मास्तर म्हणाले. "सहावीत शिकवलंय मी तुला."

"मोठी न्हय, कमी वायट," नाना म्हणाले.

इथून ते लॉगॅरिदमपर्यंत गेले. कारण हे आकडे साधे नाहीत. तीनने उतरले की सिग्नल निम्मा होतो, दहाने उतरले की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे उणे ८५ वरून उणे ११५ ला आलात, तर तीस अंक नाही गेले, सिग्नलचा हजारावा भाग हातात राहिला. मास्तरांनी वजनाच्या कागदावर हे मांडून दाखवलं. नानांनी मान्य केलं, पण बरोबर होतं म्हणून नाही. मास्तरांच्या घरचा मोडेम त्या वेळी उणे ११७ वर होता आणि ते नानांना ठाऊक होतं.

पावसाबद्दलही नानांचं स्वतंत्र मत आहे. पावसाने रेंज जाते असं वाडीत सगळे म्हणतात. नाना म्हणतात, पाऊस बिचारा मोबाइलच्या लहरींना फारसं काही करत नाही. भिजलेली झाडं करतात. आंब्याफणसाची ओली पानं लहरी पिऊन टाकतात, म्हणून मे महिन्यात चांगली असलेली जागा जुलैत वाईट होते. त्याशिवाय टॉवरवर जी गोल तबकडी असते, तिच्यावरून टॉवर पुढच्या टॉवरशी बोलतो. तिच्या लहरी फार वरच्या, आणि त्यांना मात्र मुसळधार पाऊस सोसत नाही. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे पाऊस आला की लाइट जाते. टॉवरची बॅटरी काही तास पुरते, मग जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. "ढगाक दोष देऊ नको, डिझेलाक दी," हे नानांचं वाक्य वाडीतल्या मुलांना तोंडपाठ आहे.

विजेवर त्यांचा जुना राग आहे. त्यांच्या टेलिफोनला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट तारेनेच घरी यायचे. वादळात गाव काळोखात बुडालेलं असलं तरी फोन आपला जिवंत. "आमचो फोन घरसून आपलो डबो घेवन येय," ते म्हणतात. आणि या नव्या डब्या? एकेकीला स्वतंत्र अडाप्टर. माळ्यावर एक, माजघरात एक, आणि दोन्ही एकसारखे काळे, एकसारख्या पिनेचे, आतून निरनिराळे. अडाप्टर या वस्तूकडे नाना ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने काकी फक्त एकाच विहिणीकडे बघतात.

नानांची सगळ्यांत लाडकी युक्ती मात्र दोन घड्याळांची. मोडेमच्या पानावर "अपटाइम" लिहिलेला असतो, म्हणजे डबी किती वेळ सलग जागी आहे. राउटरवरही असतो. आणि मोडेमवर आणखी एक आकडा असतो, टॉवरशी जोडणी होऊन किती वेळ झाला तो. नेट गेलं की नाना काहीही न करता हे आकडे वहीत उतरवतात. राउटर नऊ दिवस जागा आणि मोडेम तीनच मिनिटं? मग मोडेम स्वतः मेला होता, विजेकडे बघा. मोडेम नऊ दिवस जागा पण टॉवरची जोडणी तीन मिनिटांची? मग हात टॉवरने सोडला होता. आणि दोघंही नऊ दिवस जागे, जोडणीही शाबूत, तरी घरात नेट नाही? इथे नाना मांडी बदलतात आणि चहा मागवतात. आता प्रकरण मधलं आहे.

मधली प्रकरणं दोन तऱ्हेची. पहिलं पत्त्याचं. कारखान्यातून येणाऱ्या कितीतरी डब्यांचा घरातला पत्ता एकच असतो, १९२.१६८.१.१. मोडेमही स्वतःला तेच म्हणतो, राउटरही तेच. एका वाडीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन जसा उंबऱ्यावर नुसता उभा राहील, तसा तुमचा मजकूर दोघांच्या मध्ये अडकून पडतो. काही राउटर स्वतःच नंबर बदलून घेतात, काही अडून बसतात. नाना राउटरचा नंबर बदलून शेवटून दुसऱ्या जागी ५० घालतात. पन्नासच का? त्यांचा खात्यातला बिल्ला पन्नास नंबरचा होता.

दुसरं प्रकरण याहून सूक्ष्म, आणि शहरातून शिकून आलेल्या पोरांनी स्वतः ओढवून घेतलेलं. मोडेमने मध्ये लुडबुड करू नये, बाहेरून मिळालेला पत्ता सरळ राउटरच्या हातात द्यावा, अशी एक सोय असते. पोरं ती हौसेने चालू करतात. रात्री कधीतरी टॉवर जोडणी सोडतो आणि लगेच नव्याने धरतो, पण पत्ता नवा देतो. मोडेमला हे कळतं. राउटरला कोणी सांगत नाही. तो आपला जुना पत्ता उराशी धरून बसतो, कारण तो त्याला अमुक तासांच्या कराराने मिळालेला असतो आणि करार संपेपर्यंत त्याच्या मते सगळं आलबेल आहे. सगळे दिवे हिरवे आणि नेट नाही! कराराची मुदत कमी करायची, किंवा राउटरला दर मिनिटाला बाहेर साद घालून बघायला शिकवायचं आणि ओ आली नाही तर पत्ता पुन्हा मागायला लावायचं. नाना हे करतात आणि वहीत लिहितात, "राउटराक जाग आणली."

इतके गुण असलेल्या माणसाला खोडी असतेच. नानांना थांबता येत नाही. नेट सुरू झालं की दुसरा माणूस पिशवी आवरतो, नाना विचारतात, "आता हयसर आसंय तर टीव्ही बघू काय?" चालू टीव्ही. सत्यनारायणाच्या पूजेला गेले की सगळ्यांचे डोळे कलशाकडे, नानांचे आढ्याकडे, कारण तिथून एक सांधा चिकटपट्टीशिवाय लोंबत असतो. एका बाराव्याला त्यांनी भटजींच्या मंत्रात खंड न पाडता, मांडी न मोडता, बसल्या जागी मागच्या भिंतीवरचा सॉकेट घट्ट केला. गेलेल्या गृहस्थांचा तो सॉकेट बरीच वर्षं सैल होता, हे नानाच सांगत होते, डोळ्यांत पाणी आणून.

कस्टमर केअरशी त्यांचं बोलणं ऐकायला मुद्दाम माणसं जमतात. पलीकडून मुलगी गोड आवाजात विचारते, "सर, आपण डिव्हाइस रिस्टार्ट करून पाहिलं का?" नाना तेवढ्याच गोडीने तिला रिस्टार्टचे तोटे समजावतात. मग आरएसआरपी सांगतात, कुठला बँड धरलाय ते सांगतात, जोडणी कितीला तुटली त्या वेळा वहीतून ओळीने वाचतात. ती शांतपणे सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "धन्यवाद सर. आता आपण डिव्हाइस रिस्टार्ट करू शकता का?"

चतुर्थीत नाना कोणाकडे जात नाहीत. गणपतीला मुंबईकर चाकरमानी येतात, वाडीतली माणसं चौपट होतात आणि सगळे एकाच टॉवरवरून आरतीचे व्हिडिओ चढवू लागतात. काड्या भरलेल्या, नेट शून्य. रेंज किती आहे आणि वाटेकरी किती आहेत, या दोन गोष्टी वेगळ्या. पहिलीवर नानांचा हात चालतो, दुसरीवर देवाचाही नाही. हाक आली की ते नुसतं सांगतात, पहाटे चारला उठा, नेट पाण्यासारखं मिळेल. काही चाकरमानी खरंच उठतात.

आता खालच्या घरातल्या इंजिनिअरची गोष्ट सांगायलाच हवी. मुलगा पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत. काम काय, तर जगभरच्या कंपन्यांची नेटवर्क कधी बंद पडू नयेत हे बघायचं. ते तो कुडाळ तालुक्यातल्या माजघरात बसून बघतो आणि त्याचं स्वतःचं नेट रोज जायचं. रिस्टार्ट, रिस्टार्ट, रिस्टार्ट. आईने एकदा नारळही ओवाळून टाकला. शेवटी नाना आले, कोणत्याही डबीला हात न लावता खुर्ची ओढून बसले.

"कधी जाता?"

"कधीही जातं हो नाना."

"कधीही असा काय नसता. वही घी."

आठवडाभर वही लिहिली गेली. नानांचा पहिला संशय विहिरीच्या पंपावर. पंप सुरू होताना व्होल्टेज ढासळतो आणि डबी गुदमरते, हे आमच्याकडे नेहमीचं. म्हणून एक पूर्ण सकाळ पंप बंद ठेवला. घरात कोणाची आंघोळ झाली नाही, गुरं हंबरत राहिली, आणि नेट साडेअकराला ठरल्याप्रमाणे गेलं. नाना जरासे खजील झाले, पण वहीत पंपापुढे फुली मारताना त्यांचा चेहरा खुलला. एक टोक सुटलं होतं.

मग त्यांनी आणखी एक सकाळ मीटिंगमध्ये काढली. पोरगा कॅमेऱ्यासमोर, नाना कॅमेऱ्याबाहेर, वही मांडीवर. चाळीस मिनिटं साहेब बोलत होते आणि पोरगा ऐकत होता, नेट ठणठणीत. साहेब म्हणाले, आता तू तुझी प्रगती दाखव. पोराने कॅमेरा लावला, स्क्रीन शेअर केला, "गुड मॉर्निंग एव्हरीवन" म्हणाला आणि गेला.

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. "आयकताना जायत नाय. उलयताना जाता."

माळ्यावर चढले. मोडेमचा अपटाइम दोन मिनिटं, राउटरचा अकरा दिवस. म्हणजे मोडेम मरून उठला होता. रेंज उणे ११३. नानांनी मोडेम उलटा केला. तळाला लिहिलेलं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. मग भिंतीतला अडाप्टर काढून चष्म्याजवळ धरला. १२ व्होल्ट, १ अँपिअर. केव्हातरी लाइट गेलेल्या रात्री कुणीतरी अंधारात जुन्या टीव्हीच्या डबीचा अडाप्टर तिथे खुपसला होता. पिन बसली, दिवा लागला, कोणाला काय कळतंय? नुसतं ऐकायचं असेल तेव्हा मोडेमला वीज कमी लागते. पण बोलायचं म्हणजे पाठवायचं, आणि लांबच्या टॉवरला ऐकू जावं म्हणून रेंज कमी तितका त्याला घसा ताणावा लागतो. मोडेमने हवेत जास्तीत जास्त सोडायची शक्ती २०० मिलीवॉटच्या आसपास. पण ती बाहेर काढायला आत तिच्या कितीतरी पट वीज जाळावी लागते. म्हातारा अडाप्टर तिथे मान टाकायचा. नानांनी मीटर लावून दाखवलं. पोराने फाइल चढवायला घेतली, आणि बाराचे आकडे घसरत नऊच्या घरात आले नि डबीचे दिवे विझले.

घरातल्या सगळ्या माणसांनी ते आळीपाळीने बघितलं. आईने नारळ कशासाठी फुकट घालवला म्हणून इंजिनिअरालाच बोल लावला.

योग्य अडाप्टर कपाटात, वॉरंटीच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत होता. तो लावला. त्या दिवसापासून नेट एकदाही गेलं नाही. नानांनी वहीत तारीख घातली, खाली दुहेरी रेघ मारली आणि जुना अडाप्टर स्वतःच्या पिशवीत टाकला. दोषी वस्तू ते मूळ घरात ठेवत नाहीत.

नंतरचे काही दिवस इंजिनिअर वाडीत कोणाशी बोलेना. चेहरा ओढलेला. साहेब आता त्याला पूर्ण मीटिंगभर बघू शकत होते आणि तो साहेबांना. पूर्वी प्रगती दाखवायची वेळ आली की देवाघरचं बोलावणं यावं तसं नेट जाई, आणि परत येईपर्यंत साहेब पुढच्या माणसाकडे वळलेले असत. गेल्या पावसाळ्यापासून त्याने प्रगती म्हणून काही दाखवलेलंच नव्हतं. त्याचं काम वाईट होतं अशातला भाग नाही. दाखवण्याची सवय गेली होती.

एका सोमवारी संध्याकाळी तो नानांच्या पडवीत आला. इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं बोलला, काकींनी दिलेलं धोंडस खाल्लं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नाना, तो जुना अडाप्टर आहे ना तुमच्याकडे?"

नानांनी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर फॉल्ट काढलेला माणूस. कोणी फॉल्ट मागायला येईल हे त्यांनी खात्यात असतानाही पाहिलं नव्हतं. ते आत गेले. पिशवीतली खुडबुड बाहेर ऐकू येत होती. बाहेर आले तेव्हा एका हातात अडाप्टर होता, दुसऱ्यात वही.

"खंयच्या दिवसाक व्हयो?"

"फक्त मंगळवारी. रिव्ह्यू असतो."

"किती वेळ?"

"अकरा ते बारा."

नानांनी वही उघडली, नवी ओळ धरली आणि मन लावून लिहिलं: अडाप्टर, १ अँपिअर, नग एक, उसनवार. मंगळवार, ११ ते १२. मग वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली.

"सही कर. आणि साडेबाराक परत आणून दी, मास्तरांनी पण सांगून ठेवल्यानी हा."